कपाटाची दोरी

धाकट्यांना छप्पन्नावं लागलं तरी कारखान्यात सगळे त्यांना धाकटेच म्हणायचे. थोरले, म्हणजे दादा, जाऊन पाच वर्षं झाली होती. मालकी आली, सही आली, किल्ल्यांचा जुडगा आला, पण नाव काही सुटलं नाही. आपण आता मोठे झालो आहोत हे लोकांच्या लक्षात आणून द्यायची धाकट्यांना भारी हौस होती. शिवाय त्यांचे हात मुळातच स्वस्थ बसणारे नव्हते. लहानपणी घरातलं भिंतीवरचं घड्याळ त्यांनी दोनदा उघडलं होतं, आणि दोन्ही वेळा मार दादांनी खाल्ला होता.

कारखाना बुटांचा. पण हे बूट दुकानात मिळत नाहीत. कुणाची टाचच नाही, कुणाची बोटं एकमेकांवर चढलेली, कुणाचा अपघातात अर्धाच उरलेला पाय, अशांसाठी इथे बूट होत. दादांचा उजवा पाय डाव्यापेक्षा तीन बोटं आखूड होता. स्वतःसाठी नीट बूट करता करता त्यांनी हा उद्योग उभा केला. पहिला साचा त्यांच्याच पायाचा, म्हणून त्याचा नंबर एक.

पूर्वी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पायाचा लाकडी साचा फळीवर मांडलेला असायचा, त्याच्या तळाला नंबर. आठ वर्षांपूर्वी पायाभोवती उजेड फिरवून त्याचा आकार टिपणारं यंत्र आलं, आणि दोन वर्षं खपून सगळ्यांनी मिळून लाकडातले पाय एकेक करून कॉम्प्युटरमध्ये उतरवले. लाकूड किडलंच होतं, ते काढून टाकलं. आता तीन हजार एकशे चाळीस पाय एकाच कॉम्प्युटरमध्ये होते. लोक त्याला कपाट म्हणत. कितीतरी गिऱ्हाइकं आयुष्यात एकदाच, कुणाच्या तरी आधाराने इथवर आलेली. त्यानंतर ती घरून फोन करायची आणि बूट पोस्टाने जायचे. त्या माणसांना पुन्हा मापाला बोलावणं म्हणजे पांगळ्याला डोंगर चढायला सांगणं. कपाट गेलं तर कारखाना गेला आणि तीन हजार माणसं घरात बसली, इतका सरळ मामला होता.

हे कपाट आणि बाकीचे आठ कॉम्प्युटर वहिनींच्या ताब्यात होते. वहिनी म्हणजे दादांच्या पत्नी. धाकट्यांच्या वहिनी, म्हणून सगळ्या कारखान्याच्याही वहिनी.

वहिनींनी बावीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. समोर भोकांचा बोर्ड, हातात दोऱ्या. याची दोरी त्याच्या भोकात घालायची, दिवा पाहायचा, बोलणं संपलं की दोरी बाहेर. पुढे एक्स्चेंज आपोआप चालायला लागलं आणि वहिनी इकडे फोन घ्यायला आल्या. कॉम्प्युटर आले तेव्हा दादा म्हणाले, तारा त्या तारा, तूच बघ. दुसरं कुणी पुढे येत नव्हतंच. वहिनी आपल्या निम्म्या वयाच्या मुलामुलींबरोबर वर्गात बसल्या, वह्या भरल्या, चष्म्याचा नंबर वाढवून घेतला आणि शिकल्या.

कॉम्प्युटर एकमेकांना जोडायला जो माणूस आला होता, त्याने दिवसभरात नऊच्या नऊ यंत्रं एका गाठीत बांधून टाकली. वहिनी बराच वेळ त्या तारांकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी विचारलं की ही यंत्रं दिवसभर एकमेकांशी काय बोलतात? तो म्हणाला, बहुतेक वेळ काहीच नाही. मग जोडून कशाला ठेवलीत, असं त्यांनी विचारलं. तो हसला. वहिनी हसल्या नाहीत. वर्गात शिकवलेला व्हायरस त्यांच्या डोक्यात घर करून बसला होता. तो एका यंत्रात शिरला की जे जे जोडलेलं त्या सगळ्यात जातो, हे ऐकून बाकीच्यांनी वहीत उतरवून घेतलं आणि विसरून गेले. वहिनींनी मनाशी धरलं ते एवढंच, की बोलणं संपलं तरी दोरी आत राहिली तर घात होतो.

मग त्यांनी सुताराकडून एक पाटी करून घेतली आणि भिंतीला ठोकली. नऊ कॉम्प्युटर, नऊ रंगांच्या केबल, आणि मधोमध त्या खोचायचा दिव्यांचा डबा. त्या त्यांना दोऱ्याच म्हणत. ड्रॉइंगवाल्या बाईंनी बुटाचा आराखडा केला आणि तो कटरमास्तरांच्या चामडं कापायच्या मशीनला पाठवायचा असला, की त्या बसल्या जागेवरून म्हणायच्या, वहिनी, जोडून द्या. वहिनी दोन दोऱ्या लावत, हिरवा दिवा फडफडताना पाहत, तो थांबला की दोऱ्या ओढून घेत. मेल फक्त दोन यंत्रांवर, एक फोनच्या टेबलावर आणि एक धाकट्यांच्या खोलीत. बाहेरून कुणी पेनड्राइव्ह घेऊन आलं की तो आधी दाराजवळच्या एका जुन्या, कशालाच न जोडलेल्या कॉम्प्युटरमध्ये लावून तपासायचा. त्या कॉम्प्युटरचं नाव उंबरठा. आणि कपाट? कपाट रोज सकाळी दहा ते साडेदहा एवढंच जोडलं जाई. त्या अर्ध्या तासात ज्याला जे पाय हवे असतील ते त्याने घ्यावेत, नवे ठेवावेत. साडेदहाला कपाटाची पिवळी दोरी वहिनींच्या पर्समध्ये जायची, रुमालाशेजारी.

एवढ्यावरही त्यांचं समाधान नव्हतं. कपाटाची आणि आराखड्यांची नक्कल दोन डिस्कवर होती, एक कारखान्यात आणि एक घरी चादरींच्या घडीखाली. दर शनिवारी त्यांची अदलाबदल. महिन्याच्या पहिल्या दिवशी त्या डिस्क उंबरठ्यासारख्याच दुसऱ्या एका एकट्या यंत्राला लावून पाच पाय उघडून पाहत. नुसती नक्कल असून भागत नाही, ती उघडली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. चार पाय मनाला येतील त्या नंबरचे. पाचवा नेहमी एक नंबरचा.

धाकट्यांना या सगळ्याचा कंटाळा आला होता. मालक असूनही एक आराखडा पाहायचा तर "वहिनी, जोडून द्या" म्हणायचं, आणि साडेदहानंतर कपाटातलं काही हवं असेल तर उद्यापर्यंत हात चोळत बसायचं. घरी मात्र दीर-भावजयीचं छान जमायचं. एक्स्चेंजमधल्या गोष्टी वहिनींनी सांगाव्यात आणि धाकट्यांनी हसावं. त्यातली एक त्यांची विशेष आवडती. एक्स्चेंजात एक साहेब होते, त्यांचे हात बोर्डाला लागायला शिवशिवायचे. येता जाता कुठलीतरी दोरी उपसायचे, कुठेतरी खुपसायचे. एकदा तर डॉक्टरांचा फोन मध्येच तुटला. साहेबांना कोण बोलणार? मग बायकांनी बोर्डाच्या टोकाला त्यांच्यासाठी एक खास दोरी ठेवली. दिसायला अगदी इतरांसारखी, पण आतली तार कापलेली. तिचं नाव आंधळी दोरी. साहेब यायचे, ती दोरी इकडे तिकडे लावायचे, खूश होऊन जायचे, आणि गावाचे फोन निर्वेध चालायचे. ही गोष्ट ऐकून धाकट्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं हसून. एवढा मोठा साहेब, आणि त्याला शेवटपर्यंत कळलं नाही, असं ते दर वेळी म्हणायचे.

त्या वर्षी एका कंपनीचा माणूस आला. बूट चकचकीत, बोलणं त्याहून चकचकीत. त्याने पाटी पाहिली आणि फोनने तिचा फोटो काढला, मित्रांना दाखवायला. आजच्या काळात सगळं सगळ्याला कायम जोडलेलं असतं, आमचं सॉफ्टवेअर आपोआप पहारा देतं, असं त्याने सांगितलं. धाकट्यांना तो फोटो फार लागला. त्यांनी कागदावर सही केली. पुढच्या सोमवारपासून पाटी भिंतीवरून उतरणार होती.

वहिनींना त्यांनी घाबरत घाबरतच सांगितलं. वहिनींनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "पहारा बसवा, चांगलंच आहे. पण दार उघडं कशाला ठेवायचं, भाऊजी?" धाकटे थोडे रागावले.

सोमवार यायच्या आधीचा गुरुवार. वहिनींची दाढ काढायची होती, त्या अकरा वाजता दाताच्या डॉक्टरकडे गेल्या. धाकटे पाटीसमोर येऊन उभे राहिले. सोमवारी होणारच आहे तर आज करून पाहायला काय हरकत आहे, असा विचार त्यांच्या मनात आला आणि पाठोपाठ हात पुढे गेले. आठ दोऱ्या त्यांनी धडाधड मधल्या डब्यात खोचल्या. ड्रॉइंगवाल्या बाईंनी आराखडा पाठवला तो क्षणात कटरमास्तरांकडे पोचला, कुणाला हाक मारावी लागली नाही. कटरमास्तर म्हणाले, वा. धाकट्यांची छाती फुगली.

राहिलं कपाट. पिवळी दोरी अर्थातच पर्समधून दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. धाकट्यांनी वहिनींच्या टेबलाचा खण उघडला आणि आत आणखी एक पिवळी दोरी दिसली. तिला कागदाची चिठ्ठी गुंडाळून चिकटवलेली, त्यावर "कपाट, जादा" असं लिहिलेलं. अक्षर दादांचं. दादांचं ते उजवीकडे झुकलेलं, शेवटच्या अक्षराला शेपूट काढलेलं अक्षर धाकट्यांनी अंधारातही ओळखलं असतं. दादांनीच ठेवली आहे म्हटल्यावर पाहायचं काय राहिलं? त्यांनी ती एका बाजूने कपाटाला लावली आणि दुसऱ्या बाजूने डब्यात. ड्रॉइंगवाल्या बाई म्हणाल्या, कपाट काही दिसत नाही. धाकटे म्हणाले, मोठं यंत्र आहे, जागं व्हायला वेळ लागेल. आणि ऐटीत आपल्या खोलीत जाऊन मेल उघडून बसले.

मेल चामडं पुरवणाऱ्याच्या नावाने आलेला होता. नव्या रंगांचे नमुने सोबत जोडले आहेत, लगेच पाहावेत. धाकट्यांनी लगेच पाहिले. एकही नमुना उघडला नाही. त्यांनी पुन्हा दाबलं, मग तिसऱ्यांदा दाबलं.

पंधरा मिनिटांनी ड्रॉइंगवाल्या बाई दारात आल्या. त्यांच्या आराखड्यांची नावं एकेक करून बदलत होती, आणि कुठलाच उघडत नव्हता. पाठोपाठ कटरमास्तरांचं मशीन अर्ध्या कापात थांबलं. मग फोनच्या टेबलावर, मग मापाच्या खोलीत, मग धाकट्यांच्याच समोर पडदा काळा झाला आणि लाल अक्षरं आली. तुमचं सगळं आम्ही कुलूपबंद केलं आहे, किल्ली हवी असेल तर आम्ही सांगू तसं करा, असा मजकूर होता.

धाकट्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ते खुर्चीतून उठले, पुन्हा बसले. त्यांना एकच गोष्ट दिसत होती, ती पिवळी दोरी. आपल्या हाताने, आपण, कपाटसुद्धा. चादरींखालची नक्कल त्या घाबरगुंडीत त्यांना आठवलीही नाही. तीन हजार एकशे चाळीस पाय. कपाटाला पडदाच नव्हता, त्यामुळे आत काय चाललंय ते कळायलाही मार्ग नव्हता. ते नुसतं कोपऱ्यात घुमत होतं.  दोरी ओढावी तरी भीती, न ओढावी तरी भीती. मघाशी अनावर झालेले हात आता उठत नव्हते.

तेवढ्यात वहिनी आल्या. अर्धा गाल सुजलेला, अर्धं तोंड सुन्न, रुमाल ओठाला लावलेला. त्यांनी एकदा पडद्यावरच्या लाल अक्षरांकडे पाहिलं आणि एकही प्रश्न न विचारता पाटीकडे गेल्या. दोन्ही हातांनी दोऱ्या उपसायला लागल्या. डावा, उजवा, डावा, उजवा. बावीस वर्षांची सवय त्या हातांत होती. दहा सेकंदांत डबा रिकामा झाला. मग इंटरनेटची तार भिंतीतूनच काढली. मग प्रत्येक यंत्राजवळ जाऊन हाताने खूण केली, कुणी काही बंद करू नका, कुणी काही दाबू नका. सगळे आपापल्या जागी जसेच्या तसे उभे राहिले.

धाकटे त्यांच्यामागे आले. मालकपणा कुठल्या कुठे पळाला होता.

"वहिनी, मी कपाटपण जोडलं," ते म्हणाले.

वहिनी वळल्या. "कुठल्या दोरीने?" सुन्न तोंडातून शब्द जड येत होते.

धाकट्यांनी जमिनीवर पडलेली पिवळी दोरी उचलून दाखवली. वहिनींनी ती हातात घेतली, चिठ्ठी पाहिली, आणि जवळच्या स्टुलावर बसल्या. त्यांचे खांदे हलायला लागले. धाकट्यांना वाटलं त्या रडताहेत.  पण वहिनी हसत होत्या, दुखरा गाल दाबून धरून.

"दिवा लागला होता का?" त्यांनी विचारलं.

धाकट्यांनी दिव्याकडे पाहिलंच नव्हतं.

"आंधळी आहे ही, भाऊजी. कपाटाला काही झालेलं नाही."

धाकटे तिथेच भिंतीला टेकले. पहिल्यांदा त्यांना फक्त सुटल्यासारखं वाटलं. मग हळूहळू एक्स्चेंजातले ते साहेब आठवले, आणि त्या साहेबांवर आपण किती वर्षं हसलो तेही आठवलं. कान तापले. पण त्या तापलेल्या कानांच्या वर, डोक्यात, दुसरंच काहीतरी भरून येत होतं. ही बाई रोज समोर बसते, आपण तिच्या पाटीची थट्टा करतो, चकचकीत बुटांच्या माणसाला त्या पाटीचा फोटो काढू देतो, आणि हिने आपण कधी, कुठे, कसे चुकणार हे आधीच पाहून ठेवून तिथे उशी घालून ठेवली आहे. ते वहिनींकडे बघतच राहिले. एवढ्या वर्षांत त्यांनी त्यांना इतकं नीट पाहिलं नव्हतं.

पुढचे नऊ दिवस धाकट्यांनी जे पाहिलं ते ते अजून सांगतात. वहिनींनी कसलीच घाई केली नाही. गिऱ्हाइकांना आणि व्यापाऱ्यांना त्यांनी स्वतः फोन केले, की आमच्या यंत्रांना बाधा झाली आहे, आमच्या नावाने काही आलं तर उघडू नका. लपवायचं कशाला, त्यांनाही लागेल, असं म्हणाल्या. लाल अक्षरांना उत्तर द्यायचं नाही असं त्यांनी ठरवलं आणि धाकट्यांनी मान डोलावली. मग एकेक यंत्र पार पुसून, घासून, कोरं केलं, आणि नव्याने सगळं घातलं. ज्या तज्ज्ञाला बोलावलं होतं तो पाटीसमोर बराच वेळ उभा राहिला. त्याने फोटो काढायची परवानगी मागितली, आणि मोठमोठ्या जागांतही अशी दक्षता क्वचितच पाहायला मिळते, असं म्हणाला. धाकट्यांनी चकचकीत बुटांच्या माणसाला फोन करून तो कागद फाडल्याचं कळवलं.

आठ यंत्रांतले चालू आठवड्याचे आराखडे गेले ते गेलेच. ड्रॉइंगवाल्या बाईंनी ते पुन्हा केले, थोड्या कुरकुरत. कटरमास्तर इतके दिवस हाताने चामडं कापत होते आणि त्यात त्यांना मनातून आनंदच झाला होता. कपाटाला मात्र नऊ दिवस कुणी हात लावला नाही. धाकट्यांना रोज वाटायचं की एकदा उघडून बघावं. पण ते हात पाठीशी बांधून उभे राहायचे. त्यांना असं उभं राहिलेलं कारखान्याने पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

दहाव्या दिवशी सकाळी वहिनींनी कपाटाला एक कोरा पडदा जोडला. सगळे मागे जमले. त्यांनी पाच पाय उघडले. एक हजार सातचा, टाच नसलेला. दोनशे बाराचा. एका आजोबांचा, ज्यांची बोटं वडाच्या पारंब्यांसारखी वळलेली होती. शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंचा. प्रत्येक पाय पडद्यावर हळूहळू गोल फिरला आणि प्रत्येक वेळी मागून कुणीतरी श्वास सोडला. पाचवा उघडला तो एक नंबरचा. दादांचा उजवा पाय, तीन बोटं आखूड, लाकडावरच्या जुन्या पटाशीच्या खुणेसकट. यापुढे त्याच्यासाठी कुणी बूट करणार नव्हतं. तो पडद्यावर फिरत राहिला.

लोक पांगल्यावर धाकट्यांनी ती पिवळी दोरी खिशातून काढली. नऊ दिवस ती त्यांच्याच खिशात होती.

"वहिनी, ही तुम्ही कधी कापलीत?"

"मी नाही कापली."

धाकट्यांनी दोरी उलटसुलट करून पाहिली.

"त्यांनी कापली," वहिनी म्हणाल्या. "जायच्या आधीच्या वर्षी. खुर्चीत बसून, कातर मागून घेतली. म्हणाले, मी गेल्यावर तो एकदा तरी सगळं जोडून पाहणार. तू त्याला अडवू नकोस, मालक असेल तो तेव्हा, लोकांसमोर त्याचं तोंड पडेल. ही खणात ठेव. माझं अक्षर दिसलं की तो दुसरी दोरी शोधायचा नाही."

धाकट्यांनी चिठ्ठीवरून अंगठा फिरवला. शेपटाची शाई जरा फिकट झाली होती. घड्याळ त्यांना आठवलं, दोन्ही वेळचं. त्यांनी बाहीने डोळे टिपले. वहिनींनी पडद्याकडे तोंड करून ते न पाहिल्यासारखं केलं.

मग धाकट्यांनी दोरीची नीट गुंडाळी केली, चिठ्ठी वर येईल अशी, आणि ती होती त्याच खणात ठेवून खण लावून घेतला. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजत होते.

"वहिनी," ते म्हणाले, "कपाट जोडून देता?"

वहिनींनी पर्स उघडली.